भिंतीलगतची रांग

सहल ठरली त्या दिवसापासून इतिहासाच्या बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. दरवर्षी शाळेची सहल कुठल्यातरी तलावावर जायची, मुलं बदकांना पाव घालायची, एखादा पाण्यात पडायचा आणि सगळे घरी यायचे. यंदा बाईंनी कंबर कसली. आपली शाळा ज्यू, मुलांना प्रार्थना तोंडपाठ, पण पणजोबा कुठे राहायचे असं विचारलं की डोकं खाजवतात, हे त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत चांगलं ठणकावून सांगितलं. डोंगराच्या पायथ्याचं ते गावही त्यांनीच शोधून काढलं. एकेकाळी तिथे ज्यूंची अख्खी गल्ली नांदत होती. आता त्या गल्लीतली एक म्हातारी तेवढी उरली होती. बाईंनी सहलीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वारसा, इतिहास, निसर्ग. त्यातला निसर्ग त्यांनी जीवशास्त्राच्या सरांना देऊन टाकला, तोही उपकार केल्यासारखा.

सर थंड गृहस्थ. "झाड दाखवा, नाव सांगतो," एवढं म्हणून ते मोकळे झाले.

बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना गैरसमज व्हायचा. मुलांवर त्यांचा जीव होता, त्यांच्याइतकं हिब्रू शाळेत कुणाला येत नव्हतं, आणि एरवी पेंगणारी मुलंही त्यांच्या तासाला जागी राहायची. खोट एकच. काहीही विचारा, उत्तर तयार. ठाऊक नसलं तरी तयार, आणि तेव्हा तर जास्तच ठणठणीत.

वर्गात एक किडकिडीत मुलगी होती. ती इतके प्रश्न विचारायची की बाईंनीच तिचं नाव शंकासुर पाडलं होतं. पुढे सगळी शाळा तिला त्याच नावाने हाक मारू लागली. मुलीला ते आवडायचं की नाही, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

बस थांबली ती जुन्या सिनेगॉगसमोर, ज्यूंच्या प्रार्थनाघरासमोर. आता तिथे गाद्यांचा कारखाना होता. आत शिरल्या शिरल्या दोघातिघांना शिंका सुरू झाल्या. हवेत कापूस तरंगत होता. खिडकीखाली दोन बायका जाड सुयांनी गादीला टाके घालत बसल्या होत्या. वर, जिथे पूर्वी बायका प्रार्थनेला बसायच्या त्या सज्जात, फोमचे तक्ते छतापर्यंत रचलेले होते. पूर्वेच्या भिंतीत कमानीचा मोठा कोनाडा होता; एकेकाळी त्यात तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या असायच्या. आता दोऱ्याची रिळं होती, रंगांप्रमाणे नीट लावलेली.

ती उरलेली म्हातारी कोनाड्याजवळ खुर्ची टाकून मुलांची वाट बघत बसली होती. जन्मभर तिने पलीकडच्या बोळात बटणांचं दुकान चालवलं होतं, म्हणून गावात ती बटणआजी. एवढीशी चण, अंगात जाड कोट, आणि कोटाचं एक बटण दुसऱ्यासारखं नाही.

"आजी, सगळी वेगवेगळी का?" शंकासुराने नमस्कार व्हायच्या आतच विचारलं.

"जोडीची विकली गेली. एकटी राहिली ती मी लावते," आजी म्हणाली. "कोण घेणार त्यांना?"

मग तिने फोमच्या एका ढिगाकडे बोट दाखवलं. "माझे वडील तिथे बसायचे. प्रार्थना कमी, शेजाऱ्याशी धंद्याच्या गप्पा जास्त. आता फोम आहे. तो निदान गप्प तरी बसतो."

मुलं हसली. कारखान्याचा मालक, गादीवाला, तोही सुई तोंडात धरून हसला. त्याने सिनेगॉग विकत घेतलं तेव्हा दाराच्या चौकटीवरची तिरकी खाच तेवढी बुजवू नकोस असं आजीने त्याला सांगितलं होतं. त्या खाचेत पूर्वी प्रार्थनेची चिठ्ठी घातलेली नळी असायची. त्याने खाच बुजवली नव्हती. चौकट दोनदा रंगवली, खाच सोडून.

"आजी, बाकीचे सगळे गाव सोडून गेले, मग तुम्ही का नाही गेलात?"

"अगं, असं विचारतात का?" बाई म्हणाल्या. पण त्यांचं अर्धं लक्ष कोनाड्याकडे होतं. फोटोत रिळं येऊ नयेत म्हणून त्या गादीवाल्याकडून ती बाजूला करून घेत होत्या.

"विचारू दे हो," आजी म्हणाली. "नवरा परदेशी गेला, तो तिकडचाच झाला. मलाही बोलवत होता. पण माझी लेक आहे ना वर, डोंगरावर. तिला एकटीला टाकून कुठे जाऊ?" मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. माझे गुडघे चढ चढत नाहीत. दुपारी हा गादीवाला मला टेम्पोतून वर सोडेल, गाद्यांबरोबर. पडले तरी लागत नाही."

बाईंनी फोटो काढला. चांगला आला.

दफनभूमी डोंगराच्या उतारावर होती, जुन्या झाडांच्या गर्दीत. चढताना सरांनी आपला निसर्ग उरकून घेतला. झाडांची नावं सांगितली, थडग्यांवरच्या करड्या-हिरव्या दगडफुलावर हात फिरवायला लावला. "खरवडू नका. तुमच्या नखाएवढं वाढायला याला तुमच्या वयाएवढी वर्षं लागतात." मुलं उगाचच कुजबुजत बोलू लागली.

नंतर बाईंनी ताबा घेतला. मुलींनी भिंतीवरचा वेल काढायचा, मुलांनी दाताळ्याने पाचोळा ओढायचा, आणि मधेच प्रत्येकाने एकेका थडग्यावर दगड ठेवायचा. "आपल्यात फुलं का नाहीत, दगडच का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "फूल सुकतं. दगड राहतो. कुणीतरी येऊन गेलं, आठवण काढून गेलं, हे त्यावरून कळतं. इथे कितीतरी वर्षांत कुणी आलेलं नाही. आज आपण आलोय."

बोलल्या त्या मनापासून. काही मुलांचे डोळे चमकले. पंचाईत एवढीच झाली की दगड कुठेच दिसेना. वाट मातीची, वर पाचोळ्याचा थर. मग एकाला सापडले: अगदी टोकाला, भिंतीलगत, तळहाताएवढे गुळगुळीत दगड, अर्धे मातीत रुतलेले. मुलं तिकडे धावली.

शंकासुर वाकून बघत उभी राहिली. "बाई, हे रांगेत कसे काय?"

"भिंतीची पडझड झाली असेल."

"पण भिंतीतले दगड चौकोनी आहेत. हे गोल आहेत."

"मग पाण्याने वाहून आले असतील."

"डोंगरावर? रांगेत?"

"आता प्रत्येक दगडाचा जन्मदाखला काढू का तुझ्यासाठी?" बाई म्हणाल्या. सगळे खो खो हसले. मुलगी लाल झाली, आणि तिनेही एक दगड उचलला.

बाईंनी स्वतः त्यातला सर्वांत देखणा निवडला. तांबूस, मधून एक पांढरी रेघ गेलेला. गावच्या मोठ्या रब्बीचं, म्हणजे धर्मगुरूचं, थडगं सगळ्यांत उंच होतं. त्याच्या माथ्यावर तो ठेवला आणि मुलांना भोवती उभं करून फोटो काढला. तेवढ्यात दाताळेवाले त्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात पोचले. त्यांनी दगडांचे खळगे बुजवून माती अंगणासारखी साफ करून दिली. बाईंनी शाबासकीही दिली.

सगळे फाटकाबाहेर बसून डबे खाऊन आले, मग मुलींनी वेलाचं शेवटचं जाळं ओढून काढलं. त्याखालून भिंतीत बसवलेली एक छोटी दगडी पाटी निघाली. हिब्रू अक्षरं झिजलेली होती, तरी लागत होती. शंकासुराने बोट फिरवत मोठ्याने वाचलं, बाईंनीच शिकवलेल्या पद्धतीने, अक्षर अक्षर जोडून. "या भिंतीच्या कडेने... बालकं निजली आहेत."

एका मुलाच्या हातात अजून दाताळं होतं, ते त्याने हळूच खाली ठेवलं.

जन्मून तीस दिवसही न जगलेल्या बाळासाठी जुन्या लोकांत सुतक धरत नसत, सात दिवस शोकाला बसत नसत, नावाचा दगडही उभारत नसत. पुरुषमाणसं न्यायची आणि कडेला ठेवून यायची. हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते शिकवलं होतं, परीक्षेत त्यावर प्रश्नही घातला होता आणि ज्यांनी नीट लिहिलं नाही त्यांचे गुण कापले होते. त्यांचे कान तापले. आपण काय केलं हे त्यांना पुरतं कळलं, आणि त्याच क्षणी, हेही लपवण्यात अर्थ नाही, त्यांनी पहिला विचार केला तो हा, की शाळेत हे कुणाला कळू नये.

"बाई," शंकासुर म्हणाली, "आजींची लेक..."

"तिला मोठं थडगं असेल. मोठी होऊन गेली असेल ती," बाई झटकन म्हणाल्या. "चला, आधी दगड आणा परत. सगळे."

मुलांनी थडग्याथडग्यावरून दगड गोळा करून आणले. पण कुठला कुठे होता, हे कुणाला सांगता येईना. माती सपाट होती. "माझा इथून होता," एक म्हणाला. "नाही, तिथून मी उचलला," दुसरा म्हणाला. सर गुडघ्यांवर बसून एकेक दगड उलटसुलट करून बघत होते. "दगडफूल असलेली बाजू वर ठेवा," एवढंच ते सांगू शकत होते. लाल दगड बाईंच्या हातात होता. भिंतीजवळच्या त्या झाडाखालून घेतला होता का? की मधून? तेव्हा त्या फक्त त्याच्या रंगाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी तो रांगेच्या मध्यावर ठेवला. तिथे तो शोभत होता.

सर उठून हात झटकत जवळ आले. "म्हातारीला सांगायला हवं."

"काय सांगायचं? कुणाची कोण आहेत, काही पत्ता आहे का? उगाच तिच्या जिवाला घोर."

"तिच्या की तुमच्या?" सर म्हणाले. खाली टेम्पोचा आवाज येत होता.

आजी फाटकातून काठी टेकत आली ती सरळ भिंतीकडे निघाली. उंच थडग्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. मुलं आपोआप बाजूला झाली आणि तिला वाट मिळाली. भिंतीजवळच्या झाडाशी जाऊन आजी थांबली. खाली पाहिलं. तिथे एक करडा दगड होता. तिने मान वर करून झाड पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, मग रांगेवरून नजर फिरवत फिरवत मध्यावर आली.

"अगंबाई," ती दगडाला म्हणाली. "तू इथे आहेस होय?"

काठी टेकत ती तिथे गेली. जराशी गोंधळलेली दिसत होती. "मला तर वाटत होतं, झाडाजवळ. झाडाला पाठ टेकून बसायचे की मी. मागच्या वेळीही बसले." ती बाईंकडे वळली. "असं कसं हो होईल?"

सांगायची वेळ हीच होती. सर बाईंकडे बघत होते, मुलं जमिनीकडे. बाईंचं उत्तर नेहमीसारखं तयार होतं.

"होतं असं, आजी," त्या म्हणाल्या. "वयाने होतं."

"होत असेल," आजी म्हणाली. "डॉक्टरही तेच म्हणतो. किल्ली विसरते, दूध गॅसवर विसरते. पण ही विसरेन असं नव्हतं वाटलं." ती हसली, ओशाळं हसली, जणू मुलांसमोर तिचीच काहीतरी फजिती झाली होती. मग काठी आडवी ठेवून, भिंतीचा आधार घेत, लाल दगडाला लागून जमिनीवर बसली.

बाईंना तिच्याकडे बघवेना. दुसरीकडे बघितलं तर शंकासुर दिसत होती.

आजी दगडावरून हात फिरवत बोलू लागली, थोडं मुलांशी, थोडं दगडाशी. "आज बघ किती जण आलेत तुझ्याकडे. जरा नीट झोप, दात नको काढूस." मग मुलांना म्हणाली, "आठवडाभर होती. मी अंथरुणातच होते. पुरुषमाणसं घेऊन गेली. तीस दिवस झाले नाहीत, म्हणून बसायचं नाही, रडायचं नाही, दगड नाही. शास्त्र आहे ते, मी कुठे नाही म्हणते? पण हिंडायला फिरायला लागले तशी नवऱ्याला घेऊन आले, म्हटलं, जागा दाखव. त्याने दाखवली. मग नदीवरून हा दगड आणला. माझा बघून दुसरीने आणला. मग तिसरीने. त्या सगळ्या गेल्या. आता या सगळ्यांची आई मीच."

एका मुलीने नाक ओढलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बरं, एक काम आहे तुमच्याकडे," आजी म्हणाली. "दफनभूमीच्या मंडळाला मी सांगून ठेवलंय, मला तिच्याशेजारी ठेवा म्हणून. ते हो म्हणालेत. पण ती शहरातली माणसं, त्यांना काय कळणार कुठे ते. आणि माझं तर हे असं. आज झाडच चुकलं, उद्या काय चुकेल." तिने बाईंकडे पाहिलं. "बाई, तू शिकलेली आहेस. एक फोटो काढून ठेव. हा दगड, आणि या हाताला मी. वेळ येईल तेव्हा त्यांना दाखव. एवढं करशील ना?"

बाईंनी फोन वर धरला. पडद्यावर आजी होती, लाल दगड होता, आणि दोघींच्या मधली बोटभर साफ केलेली माती. शंकासुर शेजारीच उभी होती. तिने काही विचारलं नाही. त्यानेच बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन खाली आला.

"आजी, हा दगड इथे नव्हता."

"काय म्हणालीस?"

"मी उचलला होता. आम्ही सगळेच दगड उचलले, त्या थडग्यांवर ठेवायला. मीच मुलांना सांगितलं. पाटी नंतर दिसली. मग अंदाजाने परत ठेवले." बाईंना आपला आवाज ओळखू येत नव्हता. "या मुलीने विचारलं होतं मला. मी ऐकलं नाही."

आजीने दगडावरचा हात उचलला. "झाडाजवळून उचललास?"

"असेल."

"असेल, की होता?"



आजीने मान वळवून झाडाकडे पाहिलं. डोळे बारीक केले. वर्गात फळ्यावरचं न दिसणारी मुलं करतात तसे. "दगडाचं काही नाही गं," ती म्हणाली. "पोरं आहेत, उचलतात. पण सकाळी विचारलं असतंस तर डोळे मिटून सांगितलं असतं मी. मघाशीही सांगितलं, झाडाजवळ म्हणून. तू म्हणालीस, वयाने होतं. मला वाटलं, शिकलेली बाई सांगतेय, तर असेल." ती पुन्हा झाडाकडे बघू लागली. "आता तिकडे बघते, तर तिथलंही नक्की वाटेना."

"आजी, माझं चुकलं. मला..."

"ते राहू दे. आधी मला उठव." आजीचा आवाज पहिल्यांदाच घाबरा झाला होता. ती हाताने खालची माती चाचपत होती. "कुणाच्या तरी बाळावर बसलेय मी."

बाईंनी धावत जाऊन तिला काखेत धरलं. दुसऱ्या बाजूने शंकासुराने धरलं. आजी उभी राहिली, पण पाऊल उचलेना. पुढे साफ केलेली माती होती, मागेही तीच, झाडापर्यंत तीच.

"कुठे ठेवू पाय?" तिने विचारलं.

बाई खाली बघत राहिल्या.